आंब्याखालच्या वाफ्याला खत किती, आणि मुख्य म्हणजे कधी?

पत्र: आमच्या घरामागे सासूबाईंनी लावलेला हापूस आहे, तीसेक वर्षांचा. मागच्या पावसाळ्यात बुंध्याला लागून आठ फुटांपर्यंत गोल वाफा केला आणि त्यात गुलाब, झेंडू, शेवंती, अबोली लावली. नर्सरीवाल्याच्या सांगण्यावरून लावताना डीएपी घातलं. पुढे जुलै ते नोव्हेंबर दर पंधरा दिवसांनी वाफाभर दोन मुठी युरिया टाकला, आणि पाऊस थांबल्यापासून रोज संध्याकाळी नळीने पाणी. झेंडू कमरेएवढा वाढून आडवा पडला, फुलं नावाला. गुलाबाला कळी नाही. त्यात यंदा आंब्याला मोहोरच आला नाही, डिसेंबरात झाडभर तांबूस पालवी फुटली. गेल्या वर्षी चारशेवर आंबे उतरले होते. आमचे हे म्हणतात, फुलांनी आंब्याचं खाल्लं. जाऊबाई म्हणतात, आंब्याने फुलांचं खाल्लं. शेजारचे काका म्हणतात, माती संपली, ट्रॉलीभर लाल माती टाकून वाफा फूटभर उचला. ट्रॉली पुढच्या आठवड्यात येईल. फुलांना नेमकं कोणतं खत, किती द्यावं? – एक वाचक, सातारा

ताई,

आधी त्या ट्रॉलीवाल्याला फोन करा आणि माती नको म्हणून सांगा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

मोठ्या झाडाची जाड मुळं खोल गेलेली असतात, पण खाणंपिणं करणारी बारीक तंतुमुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. वर एकदम फूटभर माती पडली की ती गुदमरतात. बुंध्याची साल मातीत गाडली गेली तर ती कायम ओलसर राहते, कुजायला लागते, वाळवीलाही आयती वाट मिळते. हे लगेच दिसत नाही, म्हणून तर लोक बिनधास्त करतात. दोन-तीन वर्षांनी शेंडे वाळायला लागतात, तोवर माती कधी टाकली ते कुणाच्या लक्षातही नसतं. काकांचा हेतू चांगला आहे, पण फुलांचाही फायदा फार तर एक-दोन हंगाम. नव्या भुसभुशीत मातीत आंब्याची मुळं वर चढून येतात आणि मग पुन्हा तेच.

तुम्ही बुंध्यापर्यंत केलेला वाफाही थोडा मागे घ्या. बुंध्याभोवती तीन फूट जागा मोकळी ठेवा. तिथे रोप नाही, खत नाही, पाण्याचं आळं नाही.

आता घरातला वाद. उद्या सकाळी खुरपं घेऊन बुंध्यापासून चार-पाच फुटांवर, एखाद्या शेवंतीच्या मुळाशी चार बोटं माती हलकेच उकरा. शेवंतीची मुळं पांढरट, मऊ आणि रोपालगतच दिसतील. त्यांच्यामधून तपकिरी, काटक, दोऱ्याइतक्या बारीक मुळांचं जाळं गेलेलं दिसेल, ते आंब्याचं. जिथे तुम्ही खत टाकलं असेल तिथे ते जास्त दाट असेल. म्हणजे जाऊबाई बरोबर आहेत. चार फुटी शेवंतीच्या पंक्तीला तीस वर्षांचा जेवणारा बसला की वाढप्याने कितीही हात सैल सोडला तरी आधी पान कुणाचं भरणार, हे उघड आहे. (तुमच्या यांना हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा.) मात्र आंब्याने फुलांचं खत खाल्लं एवढ्याने तुमची फुलं गेली, असंही नाही. गुलाब, झेंडू आणि शेवंती ही उन्हाची झाडं. त्यांना दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. हापूसच्या दाट पसाऱ्याखाली ते मिळत नाही, आणि ऊन नसेल तर त्याची भरपाई कुठलंही खत करत नाही.

उलट सावलीत नत्र, म्हणजे युरियातलं नायट्रोजन, जास्त झालं की रोप उजेडाच्या शोधात उंच, पोकळ, लेचंपेचं वाढतं. तुमचा झेंडू कमरेएवढा वाढून का पडला, ते यात आलं. सावलीतलं रोप सावकाश वाढतं, त्याची भूकही कमी असते. उघड्यावरच्या वाफ्याला जेवढं देता त्याच्या निम्म्यावर थांबायचं, हा साधा हिशोब धरून चला. डीएपीचंही तसंच. ‘फुलं हवीत तर डीएपी’ हे नर्सरीत हमखास ऐकायला मिळतं. त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पाण्याबरोबर फारसं खाली उतरत नाही, टाकलं तिथेच वरच्या थरात साठतं, आणि फार साठलं तर रोपांना जस्त आणि लोह घेता येईनासं होतं. एकदा घातलंत, हरकत नाही. पुन्हा घालू नका.

आता मोहोराबद्दल, कारण तुमच्या पत्रातली खरी बोच तीच आहे असं मला वाटतं.

आंब्याला मोहोर येतो तो जून झालेल्या काडीच्या शेंड्यावर. पावसाळ्यात वाढलेली काडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थांबते, पक्व होते, जमिनीतली ओल कमी होत जाते, मग थंडी पडते आणि शेंड्यातला डोळा पालवीकडे न वळता मोहोराकडे वळतो. कोकणातले बागायतदार याला झाड ‘ताणावर’ जाणं म्हणतात, आणि पाऊस लांबला की त्यांचा जीव खालीवर होतो तो याचसाठी. नेमक्या या दोन-तीन महिन्यांत झाडाला रोज पाणी आणि वर नत्र मिळालं, तर झाड पुन्हा वाढीला लागतं. तुम्ही डिसेंबरात पाहिलेली तांबूस पालवी ती हीच. ती कोवळी काडी जून व्हायला काही महिने घेते, तोवर मोहोराचा हंगाम निघून गेलेला असतो.

पण सगळा दोष त्या दोन मुठींवर ढकलू नका. हापूसला एक वर्षाआड फळण्याची खोडच आहे. आदल्या वर्षी चारशेवर आंबे दिलेलं झाड यंदा एरवीही हात आखडता घेण्याची शक्यता होतीच. युरिया आणि नळीने त्याला विश्रांतीऐवजी पालवीचं निमित्त दिलं, एवढं खात्रीने म्हणता येईल.

आणि गंमत बघा, तुम्ही दिलेलं नत्र काही प्रचंड नव्हतं. मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम. दोन मुठी, दहा वेळा, म्हणजे एक किलो युरिया. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४६० ग्रॅम. पूर्ण वाढलेल्या हापूसला वर्षाला १.५ किलोपर्यंत नत्र देण्याची शिफारस आपल्याकडे आहे, तुम्ही तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच दिलंत. फरक वेळेचा. बागायतदार ते खत पावसाच्या तोंडावर, शेणखताबरोबर, पसाऱ्याच्या कडेने चर काढून देतो. तुम्ही निम्म्याहून जास्त सप्टेंबरपासून पुढे दिलंत, तेही पाण्यासकट.

म्हणून ‘कोणतं आणि किती’ या तुमच्या प्रश्नाआधी मी ‘कधी’ ठरवतो. मोठ्या आंब्याखालच्या फुलांचं खतपाणी आंब्याच्या वेळापत्रकाने चालतं. जूनचा पहिला चांगला पाऊस ते ऑगस्टअखेर, एवढाच खताचा काळ. सप्टेंबर उजाडला की नत्राची कुठलीही पिशवी, बाटली, स्लरी बंद. ऑक्टोबरपासून वाफ्याला नळी बंद. मोहोर येऊन फळ वाटाण्याएवढं, मग गोटीएवढं झालं की पाणी पुन्हा सुरू करायला हरकत नाही. तेव्हा ते आंब्यालाही हवंच असतं, त्याने फळगळ कमी होते आणि फळ पोसतं. म्हणजे फुलांना कोरडं राहावं लागतं ते साधारण ऑक्टोबर ते जानेवारी.

आता द्यायचं काय आणि कसं. पावसाला अजून वेळ आहे, तेव्हा चांगलं कुजलेलं शेणखत आत्ताच बघून ठेवा. कुजलेलं म्हणजे हातात घेतलं तर शेणाचा वास नाही, मातीचा वास आणि चुरा होणारं. कच्चं शेण टाकाल तर त्याच्या उष्णतेने मुळं भाजतील आणि हुमणीची अळी फुकट घरी येईल. शेणखत मिळालं नाही तर गांडूळखत, किंवा दोन्ही मिसळून. बुंध्याजवळचं तीन फूट सोडून तुमच्या वाफ्याचं क्षेत्र साधारण पावणेदोनशे चौरस फूट उरतं. त्यावर अर्ध्या इंचाचा थर द्यायचा तर तीन-चार मोठी, दोघांनी उचलावी अशी पोती लागतील, किंवा शिगोशीग भरलेली दहा-बारा घमेली. त्यातच दीड-दोन किलो निंबोळी पेंड चुरून मिसळा. पेंडीतलं नत्र सावकाश सुटतं, पावसाबरोबर एकदम वाहून जात नाही.

हा थर नुसता पसरायचा. इथे लोकांचा हात शिवशिवतो. कुदळ घेऊन वाफा खणावा, खत खाली-वर करावं असं वाटतं, कारण उघड्या वाफ्यात आपण तेच करत आलेलो असतो. झाडाखाली ते करू नका. एका खणणीत शेकडो तंतुमुळं तुटतात, आणि तुटलेल्या जागी झाड पुन्हा जोमाने नवी मुळं काढतं, म्हणजे तुमच्या फुलांना स्पर्धा आणखी वाढते. रोप लावायचं तिथे खुरप्याने वाटीएवढा खड्डा, त्यात मूठभर गांडूळखत, रोप, माती, संपलं. अंगठ्याएवढं जाड मूळ आडवं आलं तर ते तोडू नका, खड्डा वीतभर सरकवा.

थर देण्याआधी जमीन खालपर्यंत ओली आहे ना, ते बोट घालून बघा. आंब्याच्या पसाऱ्याखाली पहिल्या दोन-तीन सरी पोहोचतच नाहीत. पानं भिजतात, कडेने पाणी ठिबकतं आणि मधला वाफा कोरडा ठणठणीत राहतो. रस्त्यावर पाणी साचलेलं बघून तुम्ही खत टाकाल, आणि ते कोरड्या मातीवर पडून राहील. रासायनिक खत असेल तर कोवळी मुळं करपतीलही.

रासायनिक काही द्यायचंच असेल, तर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समसमान) पुरेसं आहे. लिटरला दोन ग्रॅम, रोपाला अर्धा-पाऊण लिटर, जूनअखेर ते ऑगस्टअखेर दर तीन आठवड्यांनी. मुठीने फेकण्यापेक्षा झारीने रोपाच्या मुळाशी दिलेलं फुलांच्या वाट्याला जास्त येतं. युरियाची उरलेली पिशवी शेतीवाल्या कुणाला तरी देऊन टाका.

पाचोळ्याचं काय करता ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाडून जाळत असाल तर थांबवा, पुढच्या वर्षीचं निम्मं खत तुम्ही जाळताय. फक्त आंब्याचं पान चिवट आणि मेणचट. ते लवकर कुजत नाही, आणि अख्खी पानं एकावर एक बसली की हलका पाऊस वरून घसरून जातो. कोयत्याने जाडसर तोडून दोन इंचांचं आच्छादन करा, रोपाच्या खोडापासून चार बोटं लांब ठेवून. उरलेला पाचोळा कोपऱ्यात ढीग करून त्यावर शेणकाला शिंपडत राहा आणि ओलसर ठेवा, वर्षभरात काळं, भुसभुशीत पानखत होतं. कोरडी पानं मातीत गाडू मात्र नका. ती कुजवणारे जीवाणू आपल्यासाठी मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि वरची रोपं पिवळी पडतात. मग माणूस पुन्हा युरियाकडे धावतो.

यावर तुम्ही म्हणाल, ऑक्टोबरपासून पाणी नाही तर फुलं जगणार कशी? जगणार नाहीत, म्हणून झाडंच बदला. आपल्याकडे पावसाळ्यात वाढून हिवाळ्यात झोपणारी कितीतरी फुलझाडं आहेत. आंब्याला कोरडं हवं तेव्हा यांनाही पाणी नको असतं.

भुईचाफा घ्या. हिवाळ्यात त्याची पानं वाळून जातात, जमिनीवर काही उरत नाही. उन्हाळ्यात पानांच्या आधी जमिनीतून थेट जांभळी-पांढरी, मंद सुवासाची फुलं वर येतात. ज्याला माहीत नाही तो त्यावर पाय देऊन जाईल. पावसात पानं येतात आणि ती कंदात पुढच्या उन्हाळ्याची शिदोरी भरतात. म्हणून त्याला खत द्यायचं ते फुलं असताना नाही, तर पानं असताना, म्हणजे जून ते ऑगस्ट. नेमका तुमचा आंब्याचा हिशोब. फुटबॉल लिलीचंही असंच, पावसाच्या आगेमागे लाल चेंडू आणि हिवाळ्यात गायब. तिचा कांदा विषारी असतो, घरात उकरणारं कुत्रं असेल तर तेवढं लक्षात ठेवा. रानहळद मिळाली तर जरूर लावा. पसाऱ्याच्या कडेला, सकाळचं ऊन तिरकं येतं तिथे, सोनटक्का आणि तेरडा. तेरड्याचं बी पहिल्या पावसात नुसतं भुरभुरवायचं, तुमच्याकडे तेरड्याची गौर असेल तर घरचीच फुलं होतील. तो संपला की उपटून तिथेच आच्छादनात टाका.

अबोलीला हलवू नका. तिला अर्धी सावली मानवते, आणि चार-पाच रोपांना हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा तांब्या-तांब्या पाणी मुळाशी घातलंत तर तेवढ्याने आंबा काही जागा होत नाही. नळी आणि तांब्या यांत फरक आहे.

गुलाब आणि शेवंती फाटकाजवळ उन्हात न्या. गुलाब हलवायला जूनचे ढगाळ दिवस बघा. झाडाखालीच हिवाळ्यात रंग हवा असेल तर कुंड्या ठेवा. शेवंतीची कुंडी उन्हात वाढवायची, कळ्या रंगावर आल्या की पंधरा-वीस दिवस आंब्याखाली मांडायची आणि परत न्यायची. खतपाणी सगळं कुंडीत. कुंडी थेट मातीवर टेकवू नका, खाली दोन विटा ठेवा. नाहीतर आंब्याची मुळं तळाच्या भोकातून आत शिरतात, आणि पुढच्या वर्षी कुंडी उचलायला गेलात तर ती जागची हलत नाही.

ज्यांच्या अंगणात आंबा नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ताणाची ही भानगड सगळ्या झाडांना नाही. नारळाला आणि चिकूला ताण लागत नाही, त्यांच्याखाली फुलांना हिवाळ्यातही बिनधास्त खतपाणी द्या, झाडही खूश राहील. गोव्यातल्या कुळागरात माड-पोफळींखाली केळी, मिरी, अननस एकाच पाण्यावर नांदतात ते यामुळेच, शिवाय माडाखाली ऊनही बरंच झिरपतं. वड-पिंपळाच्या खाली मात्र वाफा करायच्या फंदात पडू नका, तिथे कुंड्याच बऱ्या. कुठलंही झाड असो, खणायचं नाही आणि बुंधा गाडायचा नाही, एवढं सारखंच.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे फेब्रुवारीत तुमचं पुन्हा पत्र यायला नको. मोहोर चांगला आला तर त्यावर तुडतुडे येणार. ते रस शोषतात आणि खाली गोड, चिकट पाणी टाकत राहतात. खालच्या अबोलीची पानं तेल लावल्यासारखी चकाकू लागतील आणि मग त्यांवर काळी बुरशी धरेल. हे खताचं लक्षण नाही, रोपाला रोगही झालेला नाही, त्यामुळे काही घालू नका. पानं ओल्या फडक्याने पुसून घ्या, फार काळी झालेली खुडून टाका. तुडतुड्यांचा बंदोबस्त वर मोहोरावर करायचा, आणि फवारणी होईल तेव्हा खालची फुलं चार-आठ दिवस देवाला किंवा केसांत माळायला तोडू नका.